चार थाऊची फट

व्हर्लिन टॅकेट हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. बहीण, आयमोजीन, गेली तेव्हा त्यांची ट्रेवा अकरा वर्षांची होती. तेव्हापासून घरं दोन राहिली तरी चूल एकच झाली, माझी. ऑइलडेलला नदीच्या अलीकडे पत्र्याचे तीन गाळे होते. पहिल्यात मी बोटींच्या गाद्या शिवायचे, मधल्यात व्हर्लिन बोटींत इंजिनं बसवायचा आणि शेवटच्यात क्लोव्हिस बार्नहिल लेथवर पोलादाचे सुटे भाग घडवायचा. आम्हा तिघांचीही माणसं धुळीच्या वादळांनी शेती बुडवली त्या वर्षांत ओक्लाहोमा सोडून, गाडीला गाद्या बांधून इकडे आलेली. त्यामुळे नात्याचं असो नसो, आम्ही एकमेकांचेच होतो.

व्हर्लिनला कुणी मेकॅनिक म्हटलं की त्याला राग यायचा. "इंजिन दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत," तो म्हणायचा. "मी इंजिनाला बसायला जागा करून देतो."

आणि ते खरंच होतं. शर्यतीच्या व्ही-ड्राइव्ह बोटीत इंजिन उलटं बसतं, तोंड मागे आणि पाठ पुढे. त्याची ताकद एका आखूड दांड्यातून पुढच्या गिअरपेटीत जाते, तिथे वळते, आणि लांब दांड्यातून परत इंजिनाच्याच पोटाखालून मागे पंख्याकडे येते. एखादा माणूस पुढच्या दाराने निघून, अंगणात वळून, घराखालून परसात यावा तसं. या सगळ्या वाटेत कुठेही वाक नको. म्हणून व्हर्लिन आधी पंख्याच्या भोकातून पियानोची तार ओढून ताणायचा. त्या तारेवर गिअरपेटी बसवायची. मग आतून रिकामं केलेलं एक जुनं इंजिन चेनपुलीला टांगून बोटीत सोडायचं. ते हलकं, त्यामुळे अर्धा इंच पुढे, पाव इंच वर असं करता यायचं. जागा ठरली की खुणा करायच्या, पाय बसवायचे, आणि शेवटी खरं इंजिन उतरवायचं. मग उरायची ती फट. दांड्याच्या टोकाची चकती आणि इंजिनाची चकती समोरासमोर येतात, त्यांच्यामधली फट वरून, खालून, दोन्ही बाजूंनी सारखी लागते. इंचाच्या हजाराव्या भागाला आमच्याकडे थाऊ म्हणतात. चार थाऊच्या वर फरक चालत नाही.

बाकीचे लोक फीलर गेजच्या, ठरलेल्या जाडीच्या पात्या घालून ही फट मोजायचे. व्हर्लिन हाताचं बोट फिरवायचा.

"खाली तीन जास्त," असं म्हणून तो एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवायचा. मग क्लोव्हिस गेज लावून बघायचा आणि शिव्या घालायचा, कारण तीनच निघायचे. वीस वर्षं रोज दुपारी हा खेळ चालला होता. माझ्या गाळ्यात तिघं राजमा आणि मक्याची भाकरी खायला बसलो की क्लोव्हिस खिशातून दोन पत्रे काढायचा, एकावर एक ठेवायचा. "सांग बघू."

"सात."

"साडेसहा आहेत. म्हातारा झालास."

"तुझा लेथ म्हातारा झालाय. सातच आहेत."

क्लोव्हिसने लग्न केलं नव्हतं. ट्रेवाला पोहायला त्यानेच शिकवलं. तिच्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला तो इस्त्रीचा शर्ट घालून व्हर्लिनच्या शेजारी बसायचा आणि तिच्या बापापेक्षा जोरात टाळ्या वाजवायचा.

ट्रेवा मोठी झाली, शाळेची बस चालवायला लागली आणि शनिवार-रविवार शर्यती. तिची बोट पिवळी, सपाट तळाची, अठरा फुटी. नाव बटरबीन. शहात्तर सालच्या शरद ऋतूत शेवटच्या शर्यतीत बटरबीनचं इंजिन फुटलं, आतला दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. ट्रेवाने दुसरं इंजिन आणलं ते आधीच्यापेक्षा बरंच मोठं आणि जड.

जागेवरून बापलेकीचं भांडण आठवडाभर चाललं. बाहेर असं दाट धुकं, की शेवटच्या गाळ्यातला क्लोव्हिस दिसायचा नाही, नुसता खोकला ऐकू यायचा. आत चेनपुलीला रिकामं इंजिन लोंबकळत होतं.

"डॅडी, आणखी मागे घे. नाक हलकं झालं की ती उडेल."

"उडेल ना. उडून पाठीवर पडेल. पाठीवर पडलेल्या बोटीत कोण असतं माहीत आहे?"

"सगळे मागेच बसवतात."

"सगळ्यांना मुली आहेत का?" व्हर्लिन म्हणाला. "याचं वजन जास्त आहे. आधीच्या जागेपेक्षा दोन इंच पुढे येईल. बोलून झालं."

"मावशी, सांग ना याला!"

"मी गाद्या शिवते," मी म्हटलं.

शेवटी दोन इंच पुढेच ठरलं. पण इंजिन पुढे आलं म्हणजे मधला आखूड दांडा आणखी दोन इंच आखूड हवा. दांडा जितका आखूड, तितकी फटीतली चूक त्याला जास्त सोसावी लागते. तो दांडा क्लोव्हिसने घडवला. चार दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. झाल्यावर मुलायम फडक्यात गुंडाळून त्याने तो ट्रेवाच्या हातात ठेवला. "घे. माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

आता मी जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, व्हर्लिनने ते इंजिन गाळ्यात चालवून बघितलं. बंद केल्यावर तो बोटीत वाकला आणि काहीतरी धरायला डावा हात धुराच्या नळीवर टेकला. नळी तापून निळी पडली होती. मी दारात कॉफी घेऊन उभी होते. हात तसाच टेकलेला आणि हा माझ्याशी शांतपणे बोलतोय. मला आधी वास आला.

"व्हर्लिन, हात!"

त्याने हाताकडे बघितलं. दचकलासुद्धा नाही. दुसऱ्याचा हात असावा तसं बघत राहिला.

मी त्याला सिंकपाशी नेऊन पाणी सोडलं. "कधीपासून असं आहे?"

"रक्तातल्या साखरेमुळे बधिर पडतं. डॉक्टर म्हणाला पायापासून सुरू होतं. माझं हातातही आलं."

"किती दिवस झाले?"

"गेल्या उन्हाळ्यापासून." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ओपल, थोडं तरी कळतं अजून. अगदीच गेलेलं नाही. ट्रेवाला सांगू नकोस. क्लोव्हिसला तर अजिबात नको."

"मग गेज लाव."

"लावतो. कुणी नसताना लावतो."

मी मलम लावलं, पट्टी बांधली आणि गप्प बसले. बोटाने फट ओळखणं हाच त्याचा मान होता. आमच्या भागात माणसाकडे फार काही नसतं. एखाद्याकडे जे असतं ते आपण कशाला काढून घ्यायचं, असं मला वाटलं. असं वाटणं बरोबर होतं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

मार्चमध्ये लेक मिंग या तळ्यावर हंगामातली पहिली शर्यत होती. बोट ट्रेलरवर असते तेव्हा तिचा तळ एक आकार धरतो, पाण्यात गेली की जरासा दुसरा. म्हणून पाण्यात उतरवल्यावर फट पुन्हा तपासावी लागते. त्या सकाळी बटरबीन काठाला बांधली होती. भोवती चाळीस-पन्नास लोक. व्हर्लिनची बोटं बघायला लोक मुद्दाम यायचे. ट्रेवा जाकीट चढवून बसलेली, पलीकडून तिच्या नावाचा पुकारा चाललेला. गेज व्हर्लिनच्या शर्टाच्या खिशात होता. मला दिसत होता.

तो वाकला, हात आत घातला, बोट गोल फिरवलं.

"काय म्हणतंय?" क्लोव्हिसने विचारलं.

"बसलंय."

"गेज लावतोस?" ट्रेवा म्हणाली. "नवीन इंजिन आहे, डॅडी."

"बोटं जुनी आहेत ना," तो म्हणाला. लोक हसले. ट्रेवाही हसली. त्याने दांड्यावरच्या कवचाचे बोल्ट आवळले.

मी तोंड उघडलं होतं. एवढंच सांगते.

अर्ध्या धावेत तो आखूड दांडा तुटला. तो चालवणाऱ्याच्या पायाशेजारूनच जातो. वर लोखंडी कवच असतं, ते फुटलं. काठावर आम्हाला नुसता एक ठोका ऐकू आला, कुणी मोठं दार आपटावं तसा, आणि बोट वळून थांबली. क्लोव्हिस कपड्यांनिशी पाण्यात शिरला आणि पोहत सुटला. बचावाची होडी त्याच्यानंतर पोचली. ट्रेवाला काठावर आणलं तेव्हा तिची मांडी क्लोव्हिसच्या पट्ट्याने करकचून बांधलेली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या पट्ट्याने ती वाचली. डावा पाय मात्र गुडघ्याखालून गेला.

दवाखान्याच्या लांब बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. क्लोव्हिसच्या अंगाखाली पाण्याचं थारोळं.

"माझा दांडा तुटला," क्लोव्हिस म्हणाला.

व्हर्लिनने हात मांडीवर उताणे ठेवले.

"पोलादात चीर असणार. मला दिसायला हवी होती. किंवा मी कोपरा जास्त कापला. व्हर्लिन, मी काय केलं रे?"

मी व्हर्लिनकडे बघितलं. तो हातांकडे बघत होता. मला वाटलं, आता बोलेल. मग वाटलं, उद्या बोलेल. मग आठवडा गेला.

तुटलेले तुकडे तळ्याच्या गाळात गेले होते, तपासायला काहीच उरलं नव्हतं. लोकांनी आपापल्या परीने ठरवून टाकलं. व्हर्लिनची बोटं चुकत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग उरला क्लोव्हिस. कुणी तोंडावर बोललं नाही, पण त्याच्याकडे येणारं काम बाजूने जायला लागलं. तो रोज दवाखान्यात जायचा, ट्रेवाच्या खोलीबाहेर उभा राहायचा, आत जायचा नाही. ट्रेवा हाक मारायची, "क्लोव्हिसकाका, आत ये की!" तो दारातूनच म्हणायचा, "तू झोप."

मे महिन्यात त्याने लेथवर ताडपत्री घातली आणि ओक्लाहोमाला बहिणीकडे निघून गेला. आमच्या लोकांत तिकडून इकडे येतात. परत कुणी जात नाही. जाताना व्हर्लिनचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "जमलं तर माफ कर मला."

आणि व्हर्लिन म्हणाला, "नीट जा."

मी त्या संध्याकाळी व्हर्लिनला जेवायला वाढलं नाही. ताट पुढे आपटून म्हटलं, "घे हाताने. हात आहेत ना?"

तो म्हणाला, "मी सांगितलं तर ट्रेवाला बाप उरणार नाही."

"आणि त्याला काय उरलं?"

तो उठून गेला. पण मला तरी त्याला बोलायचा काय हक्क होता? पोस्टाचा पत्ता माझ्याकडेही होता. मी एकदा कागद घेऊन बसले, 'प्रिय क्लोव्हिस' लिहिलं आणि त्याच कागदामागे एका सीटची मापं उतरवली.

ट्रेवा खोटा पाय लावून चालायला शिकली. बसची नोकरी गेली, क्लच दाबायला डावा पाय लागतो. शाळेने तिला ऑफिसात बसवलं. दीड वर्ष बटरबीन कापडाखाली पडून होती. अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात एका सकाळी ट्रेवाने ते कापड ओढून काढलं.

"दुसरं इंजिन मिळतंय," ती म्हणाली. "चालवेन की नाही माहीत नाही. पण रिकामी बघवत नाही मला. डॅडी, बसवायचं?"

व्हर्लिन नाही म्हणू शकला नाही. तार ताणली, पेटी बसवली, रिकामं इंजिन टांगलं. पण हे सगळं ट्रेवाच्या हातून. तो स्टुलावर बसून सांगायचा. "डावीकडे. केसभर. थांब. आता मागचं टोक उचल." ट्रेवाला वाटलं, बाप आपल्याला शिकवतोय. ती इतकी खूश होती की मला बघवायचं नाही. खरं इंजिन उतरलं, नवा दांडा लागला. मग तिने गेज हातात घेतला आणि लाडात येऊन म्हणाली, "आधी तू सांग. मग मी मोजते. क्लोव्हिसकाका करायचा तसं."

"तूच मोज."

"असं नाही. सांग ना."

त्याने बोट घातलं. बराच वेळ फिरवलं.

"चार," तो म्हणाला.

तिने चारची पाती घातली, सैल गेली. आठची घातली, तीही सैल. ती हसली. "मला फसवतोस होय?" बाराचीही सैल गेली. दोन पात्या जोडून घातल्या तेव्हा कुठे फट भरली. एकोणीस.

ट्रेवा अजून हसतच होती. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"डॅडी?"

व्हर्लिनने सगळं सांगितलं. उन्हाळ्यापासूनचं, खिशातल्या गेजचं, काठावरच्या हसणाऱ्या लोकांचं. माझं नाव त्याने घेतलं नाही. मीच म्हटलं, "मला माहीत होतं, ट्रेवा." तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती बोटीच्या कडेवर बसली होती आणि गेजच्या पात्या एकेक करून परत मिटत होती.

शेवटची पाती मिटल्यावर ती म्हणाली, "पाय माझा होता. त्याचं काय ते मी बघेन. आज नाही, पण बघेन." मग तिचा आवाज चढला. "पण तो माणूस माझ्या खोलीबाहेर उभा राहायचा, डॅडी! दोन महिने! आणि तू त्याला शेजारी बसून बघत होतास?"

"हो," व्हर्लिन म्हणाला.

"गाडीत बस," ती म्हणाली.

अडीच दिवसांचा रस्ता. गाडी बिनक्लचची, ट्रेवाच चालवत होती, आम्ही दोघं शेजारी. न्यू मेक्सिकोत एका धाब्यावर व्हर्लिनला काटा धरता येईना, तेव्हा ट्रेवाने त्याच्या ताटातलं मांस कापून दिलं. ताट परत त्याच्यापुढे सरकवलं.

क्लोव्हिसच्या बहिणीचं घर मातीच्या रस्त्यावर होतं, पुढे लाकडी ओटा. क्लोव्हिस ओट्यावर बसून भेंड्या चिरत होता. ट्रेवाला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी मान फिरवली. मग तिची चाल बघून तो विझला.

व्हर्लिन पायरीशीच उभा राहिला. टोपी काढून त्याने सांगितलं. फार वेळ लागला नाही. दीड वर्ष जे दाबून धरलं होतं ते चार वाक्यांत संपलं.

क्लोव्हिसने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे माझा दांडा बरोबर होता."

"बरोबर होता."

"मी रोज तो परत घडवतो," क्लोव्हिस म्हणाला. "डोक्यात. पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत. कुठे चुकलो ते सापडत नाही, मग परत पहिल्यापासून. मी लेथ विकला, व्हर्लिन. हाताला पोलाद लागलं की ओकारी यायची मला."

"मी काय करू, सांग."

"तू दवाखान्यात बोलू शकला असतास. बाकावर. मी विचारलं होतं तुला."

व्हर्लिनने हात पुढे केला. क्लोव्हिसने त्या हाताकडे बघितलं, आणि मला वाटलं, धरेल. त्याने भेंड्यांचं भांडं उचललं.

"ट्रेवा, तू आत ये. जेवून जा," तो म्हणाला. "तू कधीही ये. तुझ्या मावशीनेही यावं. हा इथेच थांबेल."

मी तेव्हा बोलायला हवं होतं, की मलाही माहीत होतं, मीही बाहेरच थांबते. मी बोलले नाही. आत गेले, त्याच्या बहिणीने वाढलेलं जेवले, आणि खिडकीतून गाडीत बसलेल्या व्हर्लिनची पाठ बघत राहिले. ट्रेवानेही तोंड उघडलं नाही. ते तिने माझ्यासाठी केलं की माझ्यावर सोडलं, हे मला आजही विचारवत नाही.

परत आल्यावर व्हर्लिनने गावात सगळ्यांना सांगितलं. चर्चमध्ये उठून सांगितलं, दुकानादुकानांत जाऊन सांगितलं. काहींनी पाठीवर हात ठेवला, काहींनी येणं बंद केलं. गाळा ट्रेवाने घेतला. ती गेज लावून, हळू, दोनदोनदा मोजून काम करायची. व्हर्लिन स्टुलावर बसायचा. त्याला जागा अजून दिसायची. कुठल्या बोटीत इंजिन किती पुढे, किती मागे, हे नजरेने सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. क्लोव्हिसची पत्रं ट्रेवाला यायची, दर दोन-तीन महिन्यांनी.

"माझं काही विचारलंय?" व्हर्लिन विचारायचा.

"नाही, डॅडी." तिने कधी खोटं सांगितलं नाही.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत व्हर्लिन गेला. आधी पाय गेले, मग मूत्रपिंडं. शेवटच्या दिवशी ट्रेवाने त्याचा हात धरला होता. तिने धरलाय हे त्याला बघूनच कळत होतं, म्हणून झोप लागेपर्यंत तो डोळे मिटत नव्हता.

दफनाच्या दिवशी सकाळी ट्रेवाने माझ्या स्वयंपाकघरातून ओक्लाहोमाला क्लोव्हिसला फोन लावला. मी येणाऱ्या माणसांसाठी कांदे चिरत होते. तिने सांगितलं, आणि फोनची तार बोटाला गुंडाळत उभी राहिली.

मग ती म्हणाली, "हो, झोपेत... नाही, तू कुठे येतोस एवढ्या लांब, इथे धुकं आहे." मग तिचा स्वर बदलला. "अं? हो, बटरबीन आहे ना. नाही, ते इंजिन काढलं. आता त्याहून हलकं आहे... पुढेच, दोन इंच. डॅडी म्हणाला तिथेच. नाही, मधला दांडा मला आवडत नाहीये, गावात कुणाला नीट जमत नाही... थांब, माप सांगते."

तिने भिंतीला टेकून खोट्या पायावरचं वजन काढलं आणि मला खुणेने पेन्सिल मागितली. मी हात पुसून दिली. ती आकडे सांगत होती, तिकडून क्लोव्हिस ते पुन्हा विचारत होता, आणि बाहेर पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या.